काठी धरून हवेत बसलेला माणूस: खरं काय आहे

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की माणूस नुसता काठीवर हात ठेवून हवेत बसतो ती ध्यानाची शक्ती आहे आणि सायन्सनेही ते मान्य केलंय, कारण शास्त्रज्ञांनीही जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला.

व्हिडिओ इतका सफाईदार असतो की कुणालाही खरं वाटेल. पण काठीवरचा हात नीट बघा, तो कधीच सुटत नाही. काठी आतून लोखंडी असते, तिला जोडलेला रॉड बाहीतून कपड्यांच्या आतून जाऊन बुडाखालच्या सीटला मिळतो आणि काठीचं खालचं टोक चटईखालच्या जड प्लेटला घट्ट बसवलेलं असतं, म्हणून सैल कपडे आणि चटई लागतेच. खात्री करायची तर त्याला बसताना किंवा उतरताना बघायला मागा, नेमकं तेव्हाच सगळं कापडाने झाकतात.

राहिलं सायन्स. 1997 मध्ये जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता हे अगदी खरंय, आणि भारीच प्रयोग होता तो! पण त्याला सुमारे 16 टेस्लाचं मॅग्नेटिक फील्ड लागलं, फ्रीजवरच्या मॅग्नेटच्या हजारो पट, कारण अंगातलं पाणी मॅग्नेटपासून अगदी किंचितच ढकललं जातं. फील्ड बंद केलं की बेडूक खाली. ध्यानाचा त्यात काहीच संबंध नव्हता.