२५० आणि २५३ च्या मधले तीन व्होल्ट

ऊन ऐन भरात असताना सोलरच्या इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त, असं झळकतं आणि छतावरची वीज थांबते. थोड्या वेळानं सुरू, पुन्हा बंद. अशा वेळी पॅनेल धुऊन काही होत नाही. इन्व्हर्टर बहुधा धडधाकट असतो. तो नियम पाळत असतो: व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइनपासून सुटायचं.

हा नियम सोलर किरकोळ होतं तेव्हाचा. अमेरिकेत आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००३ च्या १५४७ मानकानं छोट्या निर्मितीला लाइनचं व्होल्टेज सांभाळायला मनाईच केली होती. गडबड दिसली की सुटायचं. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांतही व्होल्टेज ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेलं की दोन सेकंदांत तुटणं आलं. घरातलं ठरलेलं व्होल्टेज २३०, त्याचे ११० टक्के म्हणजे २५३.

आता डीपीकडे बघा. आपला वितरण ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही/४३३ व्होल्टचा. ४३३ ला १.७३२ नं भागलं की फेजला २५० व्होल्ट येतात. संध्याकाळी शेवटच्या घरापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचावं म्हणून सुरुवातच चढी ठेवलेली. वीज उलट्या दिशेनं येईल हे तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हतं. दुपारी लोड नसताना हातात उरतात जेमतेम तीन व्होल्ट. त्यात ५ किलोवॅटचं सोलर साधारण २२ अँपिअर बाहेर ढकलतं. ४० मीटरची ६ चौरस मिमी अॅल्युमिनियम सर्व्हिस वायर असेल, तर जाऊन-येऊन ०.३७ ओहम, म्हणजे घराशी आठ व्होल्टची चढ. १६ चौरस मिमी घातली तर साडेतीनच्या आत.

एकदम सुटण्यातला धोका आधी जर्मनीला कळला. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की तिथले जुने इन्व्हर्टर एकाच वेळी बंद पडणार होते, म्हणजे अख्ख्या ग्रिडलाच हादरा. २०११ च्या नियमानं नव्या इन्व्हर्टरना टप्प्याटप्प्यानं उतरायला सांगितलं. २०१२ मध्ये जुन्यांची सेटिंग बदलायचा कायदाच करावा लागला. आयईईईनं २०१८ मध्ये भूमिका पार फिरवली. ऑस्ट्रेलियाच्या २०२० च्या मानकात बहुतेक भागांत इन्व्हर्टर २४० व्होल्टपासून रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज खाली ओढायला वापरता येणारी वीज) ओढतो, २५३ नंतर उत्पादन उतरवत २६० ला २० टक्क्यांवर आणतो. मात्र आपल्या बारीक, लांब वायरींमध्ये रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे नुसत्या रिअॅक्टिव्ह पॉवरनं फार फरक पडत नाही.

दुसरा उपाय बॅटरीचा. तिच्याकडे आपण लोडशेडिंगमधून आलो. जर्मनीनं २०१३ मध्ये बॅटरीला अनुदान देताना अट घातली: पॅनेलच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांहून जास्त वीज बाहेर जायची नाही. यातली गोम वेळेची आहे. सकाळी आठला चार्जिंग सुरू केलं तर छोटी बॅटरी अकराला भरते आणि नेमक्या दुपारी कामाची राहत नाही. चार्जिंग ११ ते ३ ठेवा. पाचपैकी दोन किलोवॅट बॅटरीत गेले तर वरच्या ६ चौरस मिमी वायरीतली चढ आठवरून पाचच्या आत येते.

इन्व्हर्टर सुटण्याची (ट्रिपची) मर्यादा गुपचूप २६५ व्होल्ट करून देणारेही भेटतात. ते नको, तेच व्होल्टेज फ्रिजलाही मिळतं. आधी मोजा: दुपारी सोलर चालू असताना आणि लगेच बंद करून, मीटरशी आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. सोलर चालू असताना मीटर आणि इन्व्हर्टर यांच्या रीडिंगांत मोठा फरक असेल तर दोष मधल्या वायरीचा किंवा ढिल्या जोडाचा. सोलर बंद असूनही मीटरशी २४८-२५० दिसलं तर रीडिंगसह वितरण कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) उतरवण्याचा अर्ज द्यावा.