कंडक्ट डिसऑर्डर आणि जोडीचे आजार: उपचार कसे बदलत गेले

नाशिकमध्ये चोरी किंवा मारामारीत सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे आणतात. गरज पडली तर तो उंटवाडीच्या निरीक्षणगृहात राहतो आणि परिविक्षा अधिकाऱ्याला १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. मुलगा झोपतो कसा, अभ्यास कधीपासून सुटला, व्हाइटनर हुंगतो का, घरात मार खातो का, हे याच टप्प्यावर विचारायला हवं. चोरी, मारामारी, नियम मोडणं असं वागणं सतत चालू राहिलं तर त्याला ‘कंडक्ट डिसऑर्डर’ म्हणतात. त्याच्या जोडीला नैराश्य, नशा यांसारखे आजारही असू शकतात, म्हणून हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. हे कळायला मात्र फार काळ गेला.

आपल्याकडची सुरुवात शिस्तीपासून झाली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक संस्था निघाली, १८९७ मध्ये सुधारगृहांचा कायदा आला, १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा बोर्स्टल (किशोर गुन्हेगारांच्या सुधारशाळांचा) कायदा. नाशिकचं किशोर सुधारालय त्याच परंपरेतलं. मुलाच्या मनाकडे पाहणारं चाइल्ड गायडन्स क्लिनिक मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेनं १९३७ मध्ये सुरू केलं.

‘कंडक्ट डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९८० साली आलं. आजचे निकष १५ आहेत: गेल्या १२ महिन्यांत त्यातले किमान तीन आणि गेल्या सहा महिन्यांत किमान एक दिसायला हवा. अडचण अशी की हे सगळे निकष वागणुकीचे आहेत. यादी भरली की तपासणी संपल्यासारखी वाटते. नैराश्य, एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं), मानसिक आघात, नशा यांच्याकडे लक्षच जात नाही. ‘पोरगं हाताबाहेर गेलं’ म्हणून आलेल्या मुलाला दोन वर्षं झोप नाही, हे कुणी विचारल्याशिवाय कळत नाही.

जोडीच्या आजारावर उपचार केले की वागणूक आपोआप सुधारेल, ही आशा १९८२ मध्ये जागी झाली. नैराश्य आणि कंडक्ट डिसऑर्डर दोन्ही असलेल्या मुलग्यांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर, नैराश्य ओसरलेल्यांपैकी बहुतेकांची वागणूकही निवळली. पण २००४ मध्ये दोन्ही आजार असलेल्या ९३ किशोरांवर गटातल्या सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची) चाचणी झाली. नैराश्य आधी कमी झालं, वर्षभरात तोही फरक पुसला गेला. वागणुकीत फरक पडलाच नाही. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे: एक आजार बरा करून दुसऱ्याची वाट पाहू नये, दोन्हींवर एकाच वेळी काम करावं.

वागणुकीवरचं काम घरात होतं. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी निरीक्षण करून साखळी टिपली: आई सांगते, मुलगा ओरडतो, आई आवाज चढवते, मुलगा वस्तू फेकतो, आई माघार घेते. ओरडलं की सुटका होते हे मुलगा शिकतो. माघार घेतली की घर शांत होतं हे आई. म्हणून पालक प्रशिक्षणात नियम दोन-तीनच ठेवतात, सूचना एकदाच देतात, नियम मोडला तर त्याच दिवशी छोटा परिणाम (रात्री मोबाइल नाही) आणि पाळला तर लगेच कौतुक. आठवडाभर बंदी घातली की तिसऱ्या दिवशी ती ढिली पडते आणि साखळी पुन्हा सुरू होते. मोठ्या किशोरांसाठी मल्टिसिस्टेमिक थेरपी तीन ते पाच महिने चालते. समुपदेशकाकडे चार ते सहाच कुटुंबं असतात आणि शाळा, मित्र, शेजार हेही त्यात येतात.

मुलांना एकत्र बसवून ‘सुधारणं’ उलटू शकतं, हे १९९९ मध्ये डिशियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. गटात मुलं एकमेकांच्या दांडगाईला दाद देतात. तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रमही तपासले गेले. त्यांच्यामुळे गुन्हे वाढले.

औषधाची जागा मर्यादित आहे. एडीएचडी असेल तर मिथाइलफेनिडेट, नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन. तीव्र आक्रमकतेत, इतर उपाय थकल्यावर, थोड्या काळासाठी रिस्पेरिडोन. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्यायचा आणि सहा आठवड्यांत ठळक फरक नसेल तर ते थांबवायचं. वजन आणि साखर तपासल्याविना ते चालू ठेवू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करणं हा अपवाद आहे, आणि केलंच तर प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं. त्यामुळे बहुतेक काम बाहेरूनच होतं. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिकं १० ते १९ वयोगटासाठी आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पालकांनाही वापरता येतो.