सौम्यपणा आणि भिडस्तपणा

निवडणुकीच्या दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल विखारी मजकूर टाकतात. दोन पुतणे ग्रुपवर काहीच बोलत नाहीत. एक गप्प, कारण काका रागावतील. दुसरा संध्याकाळी फोन करतो, तब्येत विचारतो आणि म्हणतो, "काका, ते खरं नाहीये. काढून टाका ना." वरवर पाहता दोघेही सारखेच शांत.

पहिला भिडस्त, दुसरा सौम्य. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरंच आहे. भिडेपायी माणूस आपलं म्हणणंच सोडून देतो. सौम्य माणूस म्हणणं धरून ठेवतो आणि समोरच्याचा पाणउतारा टाळतो.

साने गुरुजींइतका हळवा माणूस सार्वजनिक जीवनात क्वचितच झाला असेल. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले. गावोगावी विहिरी आणि देवळं खुली करा म्हणून लोकांना विनवत राहिले. सनातन्यांनी त्यांना भीमेपार चालते व्हा म्हणून घोषणा दिल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषण सुरू केलं. ते सोडा, असं खुद्द गांधीजींनी कळवलं, तरी ते हटले नाहीत. गांधीजींवर त्यांची अपार श्रद्धा होती, म्हणून हा नकार मला मंदिराच्या पुजाऱ्यांना, म्हणजे बडव्यांना, दिलेल्या आव्हानापेक्षाही अवघड वाटतो. भिडस्त माणूस नेमका इथेच, आदरापोटी, मोडतो. मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच गुरुजींनी उपोषण सोडलं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच "जरा सौम्य बोला" म्हणणं हा सौम्यपणा नव्हे. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करणाऱ्या दलितांनी दगड झेलले. त्यांना गोडीची शिकवण द्यायचा अधिकार दगड मारणाऱ्यांना नव्हता, आणि बघत उभ्या राहिलेल्यांनाही नव्हता.

आपल्यासारख्यांनी सुरुवात जवळच्या माणसापासून करावी. चारचौघांत न बोलता एकट्याला गाठावं, पण "जाऊ दे" म्हणून विषय सोडू नये. मनात राग धुमसत असेल तर एक रात्र जाऊ द्यावी. मात्र कुणी कुणाच्या अंगावर धावून जात असेल, तर लगेच मध्ये पडावं. तिथे आवाज चढला तरी चालेल.