इंजेक्शनची कोंबडी आणि खरी भानगड

रविवारी चिकनच्या दुकानापुढं लाइनीत उभारलं की कुणीतरी म्हणतंच, बॉयलर नको बाबा, इंजेक्शन मारलेलं असतंय. आता पाच हजार पक्ष्यांच्या शेडात एकेकाला धरून इंजेक्शन कोण मारत बसणार? करवीर, हातकणंगले कुठंबी शेडवर जाऊन बघा, औषध जातंय पाण्याच्या टाकीतनं नाहीतर खाद्यातनं, म्हणजे आजारी चार आणि डोस सगळ्या शेडाला.

ही खाद्यातनं औषध चारायची सवय अमेरिकेतली. 1948 च्या सुमारास लेडर्ले या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिल्लांसाठी स्वस्तातलं बी-12 जीवनसत्त्व शोधत होते, त्यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा चारून बघितला तर पिल्लं भराभरा वाढली, कारण चोथ्यात औषधाचा अंश राहिलेला. झालं, धंद्याला आयतंच घबाड.

पण रोज थोडं थोडं अँटिबायोटिक पोटात गेलं की आतड्यातले कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. वर हा चिवटपणा ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात, हे जपानमध्ये 1959 लाच दिसलं होतं. सगळ्यात भारी प्रयोग स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन संशोधकाचा, 1976 ला छापून आलेला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मवर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घातलेलं खाद्य दिलं, आठवडाभरात त्यांच्या पोटातले जवळपास सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनात, आणि पाच-सहा महिन्यांत फार्मवरच्या माणसांच्या पोटातही तसले जंतू वाढले. शेजाऱ्यांच्यात तसं नव्हतं. माणसांनी तर ते औषध घेतलंही नव्हतं!

तरी युरोपनं वाढीसाठी अँटिबायोटिक चारणं पूर्ण बंद केलं ते 2006 ला. आपल्याकडं कोलिस्टिन, म्हणजे आयसीयूत दुसरं काहीच चालेना झालं की काढतात ते औषध, कोंबड्यांना खुशाल चाललेलं. 2015 मध्ये चीनमधनं बातमी आली की त्याला न जुमानणारं जनुकही एका जंतूकडनं दुसऱ्याकडं जातंय, मग 2019 च्या जुलैत आपल्या सरकारनं पोल्ट्रीसाठी त्यावर बंदी घातली.

म्हणजे भानगड नुसती मांसात औषध राहण्याची नाही, जंतूंची आहे. कोंबड्यांची बॅच विकायला उचलली की शेडात खाली अंथरलेलं तूस आणि विष्ठा ट्रॉलीत भरून उसाला जाते, जंतू त्याच्याबरोबर. रस्सा खदखदून उकळतो, त्यात जंतू मरतात, त्याचं काही नाही. पण ज्या पाटावर कच्चं चिकन कापलं तिथंच न धुता वरच्या कांदा-कोथिंबिरीवर सुरी फिरते, ते कोण बघतंय.