तक्रार-निवारण, कामाच्या ठिकाणचे (इंदूर)

वेतन, रजा, ओव्हरटाइम, बढती, शिस्तीची कारवाई किंवा वरिष्ठांची वागणूक यांबाबत कर्मचाऱ्याला वाटणारा अन्याय रीतसर मांडून त्यावर निर्णय मिळवण्याची पद्धती. मागणी सहसा अनेकांची व नव्या हक्काची असते, तक्रार बहुधा एकाची व ठरलेल्या हक्काच्या भंगाची. कायद्याने हा भेद कसोशीने पाळला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्या कामगाराचे प्रकरण संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी उचलून धरल्याशिवाय सहसा ‘विवाद’ ठरत नसे. १९६५ च्या दुरुस्तीने (कलम २-अ) ही अट बडतर्फी, नोकरकपात अशा प्रकरणांपुरती गेली. कापलेला पगार किंवा नाकारलेली रजा या सवलतीबाहेरच राहिली.

उगम : या पद्धतीचा आरंभ बहुतेक लेखक नैनिताल येथील १९५८ च्या भारतीय श्रम परिषदेशी (सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय बैठक) जोडतात. त्या काळातील आदर्श कार्यपद्धतीत नेमलेल्या अधिकाऱ्याने ४८ तासांत, खातेप्रमुखाने ३ दिवसांत आणि तक्रार समितीने ७ दिवसांत आपले काम उरकावे, अशी योजना होती. मात्र ती ऐच्छिक होती, आणि इंदूरपुरते तरी हे मत अपुरे वाटते. येथील गिरण्यांतील कामगार चळवळीवर तंटे पंचांमार्फत मिटवण्यावर भर देणाऱ्या अहमदाबादच्या मजूर महाजन या गांधीप्रणीत कामगार संघटनेचा (१९२०) ठसा होता. व्ही. व्ही. द्रविड, रामसिंहभाई वर्मा हे कार्यकर्ते त्याच गांधीवादी वळणाचे. त्यामुळे काहींच्या मते मूळ पंचांच्या परंपरेत शोधावे. दुसरा पक्ष कायद्याकडे बोट दाखवतो. मुंबईचा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा मध्य भारत या तेव्हाच्या राज्याने (इंदूर त्यातच होते) १९४९ च्या सुमारास फेरफारांसह स्वीकारला आणि पुढे मध्य प्रदेशाने १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला. मुंबईच्या कायद्यात स्थायी आदेशांखालील (गिरणीतील नोकरीच्या मंजूर नियमांखालील) हुकमाविरुद्ध कामगार न्यायालयात जाण्याआधी मालकाकडे बदलाची विनंती करणे सक्तीचे होते. पंचांच्या परंपरेने वृत्ती घडवली असेल. ‘आधी मालक, मग न्यायालय’ हा क्रम मात्र कायद्यातून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक.

सद्य पद्धती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, एकूण १० पर्यंत असतात. कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज करावा व समितीने ३० दिवसांत कामकाज संपवावे. कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची संमती नसेल, तर निर्णय झालाच नाही असे धरतात. ही तरतूद फार मोलाची आहे. नुसत्या बहुमताने व्यवस्थापनाला तक्रार निकालात काढता येत नाही. निर्णय अमान्य असल्यास ६० दिवसांत आपल्या संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येते. बडतर्फ कामगार समेटाच्या अर्जानंतर ४५ दिवसांनी थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो; मुदत बडतर्फीपासून २ वर्षे.

‘कामगार’ कोण, हे पदनामावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक व्याख्येबाहेर आहेत. कार्डावर ‘मॅनेजर’ छापल्याने हक्क आपोआप जात नाही.

अर्ज : तोंडी सांगितलेली तक्रार मुदतीच्या हिशेबात सिद्ध करणे कठीण. इंदुरातील मराठी घरांत बोलणे मराठीत होते, अर्ज मात्र बहुधा हिंदीत ‘आवेदन’ म्हणून जातो. ‘माझ्यावर सतत अन्याय होतो’ यापेक्षा ‘ऑक्टोबरच्या पगारात ओव्हरटाइमचे १४ तास धरलेले नाहीत, हजेरीची प्रत सोबत’ हे वाक्य टिकते. दोन प्रती काढाव्यात; आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व घेणाऱ्याची सही घ्यावी. सही नाकारल्यास स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

लैंगिक छळाच्या तक्रारीची वाट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. लेखी तक्रार ३ महिन्यांत करायची असून सबळ कारणास्तव समिती आणखी ३ महिने वाढवू शकते.

कार्यालये : मध्य प्रदेशाच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदुरातच आहे. पीथमपूर मात्र धार जिल्ह्यात येते, आणि स्थानिक कार्यालय ठरवताना घराचा नव्हे तर कामाचा पत्ता महत्त्वाचा. रेल्वे आणि राष्ट्रीयीकृत बँकांची प्रकरणे केंद्रीय श्रम यंत्रणेकडे जातात.