दसन्नीचं खोरं: एडवर्डच्या किल्ल्यांमागे राहिलेलं वेल्स

वेल्स बघायला निघालेल्या माणसाच्या यादीत चार किल्ले हमखास असतात. कार्नारव्हॉन, कॉनवी, हार्लेख आणि ब्यूमॅरिस. १९८६ साली युनेस्कोने या चौघांना एकत्र जागतिक वारशाचा मान दिला. पाहण्यासारखे आहेत यात वाद नाही. पण चारही बांधले ते इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने, वेल्श लोकांना कायमचं दाबून ठेवण्यासाठी. वेल्सची ओळख म्हणून चहाच्या कपांवर आणि टॉवेलांवर जे बुरूज छापले जातात, ते वेल्सच्या पराभवाचे बुरूज आहेत.

वेल्श राजांनी स्वतः बांधलेले किल्ले वेगळीकडे आहेत. दॉलविधेलन, दॉलबादार्न, कास्तेल्ह अ बेरे. (वेल्शमधला जोडाक्षरी ‘ल’ इंग्रजांना पिढ्यान्‌पिढ्या जमलेला नाही. मराठीतला ‘ल्ह’ त्याच्या शेजारून जातो, म्हणून इथे तोच वापरला आहे.) हे किल्ले डोंगरवाटांच्या तोंडाशी, मेंढ्यांच्या कुरणांत उभे आहेत. यांतल्या बेरेच्या किल्ल्याची आणि तो ज्या दसन्नी नदीच्या खोऱ्यात आहे, त्या खोऱ्याची ही पार्श्वभूमी. समुद्रापासून खोऱ्याच्या माथ्यापर्यंत जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर अंतर आहे, पण तेवढ्यात वेल्श भाषेचा आणि राज्याचा जवळजवळ सगळा इतिहास येऊन जातो.

सुरुवात घरातल्या भांडणापासून करावी लागते. तेराव्या शतकाच्या आरंभी उत्तर वेल्समधल्या ग्विनेध राज्यावर ल्हवेलिन आप योर्वेर्थ राज्य करत होता. वेल्समधल्या बाकी राजांना त्याने एकेक करून आपल्या छत्राखाली आणलं होतं. इतिहास त्याला ‘थोर’ म्हणतो. त्याचा थोरला मुलगा ग्रिफिध याच्याकडे मेरियॉनिध हा दक्षिणेकडचा मुलूख होता. तिथल्या रयतेला त्याने छळलं, बाप-लेकांचं बिनसलं आणि १२२१ मध्ये बापाने मुलूख काढून घेतला. वेल्श राजपुत्रांचं एक जुनं इतिवृत्त आहे, आपल्याकडे त्याला बखर म्हटलं असतं. त्यात या वर्षाखाली लिहिलंय की ल्हवेलिनने मुलूख घेतला आणि तिथे स्वतःसाठी किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याचं नाव बखरकाराने दिलेलं नाही, पण तो बेरेचाच असणार असं अभ्यासक मानतात.

जागा कशी निवडली ते तिथे गेल्यावर कळतं. कादेर इद्रिस या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी, सपाट खोऱ्याच्या मधोमध एक लांबट खडक वर आलेला आहे. किल्ला त्या खडकाच्या अंगाने पसरत गेलाय, त्यामुळे त्याला धड चौकोन नाही की गोल नाही. दाराशी खडकातच खोदलेला खंदक आहे, आत आवारात पाण्याचं टाकं. दोन्ही टोकांना जे बुरूज आहेत ते खास वेल्श घडणीचे. इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे, म्हणजे आतली बाजू सपाट आणि बाहेरची गोलाकार. चौकोनी बुरुजात राहायला ऐसपैस जागा मिळते, पण त्याचा कोपरा सुरुंगाने पाडायला सोपा. गोल बुरूज मारा सोसतो, पण आत खाट टाकायची पंचाईत. वेल्श गवंड्यांनी दोन्हींचा मेळ घातला. किल्ल्याची खोड मात्र वेगळीकडे होती. बुरूज एकमेकांपासून इतके लांब की एकाला दुसऱ्याचं रक्षण करता येईना, आणि मधली तटबंदी पातळ.

तरी हा नुसता चौकीचा किल्ला नव्हता. इथे कोरीवकाम केलेले दगड आणि नक्षीच्या फरशा सापडल्या आहेत. ग्विनेधच्या राजांची खरी संपत्ती म्हणजे गुरं. त्या कुरणांवर आणि किनाऱ्याकडून आत येणाऱ्या वाटांवर इथून नजर ठेवता येत होती, आणि शिवाय मेरियॉनिधच्या लोकांना आता धनी कोण ते दिसत होतं.

ज्याच्याकडून हा मुलूख काढून घेतला तो ग्रिफिध पुढे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. १२४४ मध्ये खिडकीतून दोर सोडून पळताना पडून मेला. त्याचा मुलगा ल्हवेलिन आप ग्रिफिध आजोबांच्या गादीवर आला, आणि वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा ठरला. ११ डिसेंबर १२८२ रोजी तो इंग्रजांशी लढताना मारला गेला. राज्य त्याचा भाऊ दावीधच्या हाती आलं, पण हाती येईपर्यंत ते विरघळायला लागलं होतं. जानेवारी १२८३ मध्ये दॉलविधेलन पडलं. मग उरलं बेरे. आजोबाने बापाकडून हिसकावलेल्या जमिनीवर बांधलेला किल्ला नातवाच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक झाला. २५ एप्रिल १२८३ रोजी तोही शरण आला. दावीध तेव्हा किल्ल्यात नव्हता, तो डोंगरात निसटला होता. जूनमध्ये पकडला गेला आणि ऑक्टोबरात श्रूजबरीला त्याला घोड्यामागे फरपटत नेऊन, फासावर चढवून, देहाचे तुकडे करून मारण्यात आलं.

किल्ला आडवाटेला का राहिला, याचं उत्तर पुढच्या अकरा वर्षांत आहे. एडवर्डने तो लगेच टाकून दिला नव्हता. डागडुजीवर अडीचशे पौंडांच्या आसपास खर्च केला आणि १२८४ मध्ये किल्ल्याशेजारी इंग्रज वसाहतीची पेठ बसवण्याची सनदही दिली. त्याच सुमारास हार्लेखवर मात्र तो आठ हजार पौंडांच्या वर ओतत होता. १२९४ मध्ये मादोग आप ल्हवेलिनच्या पुढाकाराने वेल्समध्ये उठाव झाला तेव्हा दोन्ही किल्ल्यांना वेढा पडला. हार्लेखच्या पायथ्याशी तेव्हा समुद्र येत होता. आयर्लंडहून गलबतांनी दाणागोटा आला आणि मूठभर शिबंदीने किल्ला राखला. बेरेला असा मागचा दरवाजाच नव्हता. कुमक पाठवण्याचा हुकूम निघाल्याची नोंद आहे, त्यानंतर कागदपत्रांत किल्ल्याचं नाव जवळपास नाहीसंच होतं. जळाल्याच्या खुणा नंतरच्या खोदकामात मिळाल्या. पेठही गेली. पुन्हा कोणी ती बसवली नाही, कारण इंग्रजी सत्तेचा सगळा हिशेब जहाजांवर चालत होता, आणि गुरांच्या वाटा राखणाऱ्या किल्ल्याची तिला गरज नव्हती.

साडेपाचशे वर्षं दगडांवर माती आणि झाडोरा चढत गेला. १८५० साली तो उपसायला लावला डब्ल्यू. डब्ल्यू. ई. विन या जमीनदाराने. विन याच खोऱ्यात खाली पेनिआर्थच्या वाड्यात राहायचा, जुन्या वस्तूंचा नादी माणूस. त्या काळचं खोदकाम म्हणजे आजच्या पुरातत्त्वाच्या दृष्टीने डोक्याला हात लावण्यासारखं. कोणत्या थरात काय मिळालं याची नोंद नाही. पण याच माणसाचं दुसरं ऋण एवढं मोठं आहे की रागावताही येत नाही.

सतराव्या शतकात दॉलगेल्हाय गावाजवळच्या हेनगुर्तच्या रॉबर्ट व्हॉनने आयुष्यभर वेल्श हस्तलिखितं जमवली होती. १८५९ मध्ये तो संग्रह मृत्युपत्राने विनकडे आला. त्यात १२५० च्या सुमाराचं ‘कार्मार्थेनचं काळं पुस्तक’ होतं, म्हणजे केवळ वेल्शमधलं जे सर्वांत जुनं हस्तलिखित समजलं जातं ते. तालिएसिन या जुन्या वेल्श कवीच्या नावावरच्या कवितांचं पुस्तक होतं. वेल्श कायद्याच्या पोथ्या होत्या. राजपुत्रांच्या त्या बखरीची चौदाव्या शतकातली एक प्रतही पेनिआर्थच्या क्रमांकाखालीच ओळखली जाते. म्हणजे किल्ला बांधायला घेतल्याची नोंद ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ, आणि किल्ल्यावरची माती काढणारा हात, एकाच वाड्यात आले. पुढे सर जॉन विल्यम्स या राजवैद्याने संग्रह विकत घेतला आणि राष्ट्रीय ग्रंथालय अ‍ॅबरिस्टविथलाच व्हावं या अटीवर देऊ केला. १९०७ मध्ये ग्रंथालय स्थापन झालं. पोथ्या आज तिथे आहेत.

किल्ल्यापासून थोडं वर गेलं की ल्हानविहांगेल-अ-पेनांत हे गाव लागतं. गाव म्हणजे काय, एक चर्च आणि विखुरलेली शेतघरं. पुढे रस्ता जवळपास संपतोच. तिथे एका पडक्या घराच्या चार भिंती आणि मधोमध एक स्मारकस्तंभ आहे. मेरी जोन्स या विणकराच्या मुलीचं हे घर.

तिची गोष्ट कळायला थोडं मागे जावं लागतं. १५३६ च्या कायद्याने वेल्सच्या कोर्टकचेऱ्यांतून वेल्श हद्दपार झाली होती. पण १५६३ मध्ये एलिझाबेथच्या पार्लमेंटने बायबल वेल्शमध्ये आणायचा हुकूम केला. लोकांना प्रॉटेस्टंट करायचं तर त्यांना कळणाऱ्या भाषेत बोलणं भाग होतं. त्याच कायद्यात असंही होतं की चर्चमध्ये वेल्श बायबलाशेजारी इंग्रजी प्रत ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता पाहता लोक इंग्रजी शिकतील! झालं भलतंच. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गनने सगळं बायबल वेल्शमध्ये आणलं, आणि दरबार गमावलेल्या भाषेला प्रमाण गद्य मिळालं. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्सच्या फिरत्या शाळांनी शेतकऱ्या-मजुरांना वाचायला शिकवलं. शाळा गावात काही महिने थांबायची, वाचता येऊ लागलं की पुढच्या गावाला.

पुढे बालाच्या थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाने असल्याच शाळा नव्याने सुरू केल्या, आणि मेरी त्यांतल्या एकीत वाचायला शिकली. घरात बायबल नव्हतं. सहा वर्षं पैसे साठवून १८०० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती बाला गावापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर अनवाणी चालत गेली आणि चार्ल्सकडून बायबल विकत घेतलं. या गोष्टीला पुढे बराच मीठमसाला लागला, पण मुलगी खरी, चाल खरी, आणि तिने स्वतःचं नाव लिहिलेली प्रतही केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात शाबूत आहे. वेल्श बायबलांच्या तुटवड्याचा विषय चार्ल्सने लंडनला नेला. तिथे कोणीतरी म्हणालं, वेल्ससाठी करायचं तर सगळ्या जगासाठी का नको, आणि १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी उभी राहिली. १८११ मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याच्या श्रीरामपूरला (आपलं नगरकडचं नव्हे, कलकत्त्याजवळचं) मराठी नवा करार छापला गेला. तिथल्या भाषांतरांच्या कामाला या सोसायटीचा पैसा जात होता.

मेरी १८६४ मध्ये वारली. तिची कबर खोऱ्यात खालच्या अंगाला, ब्रिन-क्रीगला आहे. तिथे जाताना वाटेत एक उभा कडा दिसतो, नाव ‘पक्ष्यांचा खडक’. त्यावर पाणकावळे घरटी करतात. समुद्र कधीचाच कित्येक किलोमीटर मागे हटला, पक्ष्यांनी जागा सोडली नाही.

ब्रिन-क्रीगच्या पुढे तवीन. लोक इथे येतात ते झुकझुक गाडीसाठी. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे, १९५१ पासून. स्टेशनातून चालत जाण्याइतक्या अंतरावर संत कादवानचं चर्च आहे, आणि आत एक उभा, अरुंद, करडा दगड. त्याच्या बाजूंवर लॅटिन नव्हे, वेल्श कोरलेलं आहे. हा लेख साधारण नवव्या शतकातला मानतात, आणि वेल्शमध्ये लिहिलेलं जे काही आज शिल्लक आहे त्यात तो सर्वांत जुन्यांपैकी आहे. त्यात राजा नाही, लढाई नाही. दोन बायकांची नावं आहेत आणि त्या कोणाच्या बायका होत्या ते. शेवटचे शब्द आहेत ‘त्रिकेत नितानाम’. साधारण अर्थ असा, की जखम अजून तशीच आहे.