काळ्या दारूची शस्त्रे : अमेरिकेतील राज्यांचे कायदे

सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणावर, म्हणजे काळ्या दारूवर, चालणारी शस्त्रे विकत घेणे व बाळगणे याविषयी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असलेले नियम. ही शस्त्रे बहुधा नळीच्या तोंडातून भरतात. कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात तिचीच ही भावंडे : तोडेदार (जळत्या वातीने पेटणाऱ्या), चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) व टोपीच्या (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी धातूची टोपी लावायच्या) बंदुका, तशीच पिस्तुले, आणि ज्यांच्या चक्रातील प्रत्येक घर सुटी दारू व गोळी घालून भरावे लागते अशी रिव्हॉल्व्हरे. केंद्रीय कायदा यांपैकी बहुतेकांना अग्निशस्त्र मानतच नाही. राज्ये मात्र आपापली व्याख्या करतात. त्यामुळे डेलावेअर नदीच्या एका काठाला, पेनसिल्व्हेनियात, जे पिस्तूल दिवाणखान्याची शोभा असते, तेच पलीकडच्या न्यू जर्सीत खटल्याचे कारण होऊ शकते.

एप्रिल १८६५ मध्ये जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले डेरिंजर पिस्तूल एका बाराचे, तोंडाने भरायचे आणि टोपीवर पेटणारे होते. आजच्या केंद्रीय व्याख्येप्रमाणे ते अग्निशस्त्र नव्हे. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या ते तर काडतुसाचे होते, पण वयाच्या जोरावर तेही सुटते. या कायद्यात शस्त्र किती घातक आहे हा प्रश्नच नाही. ते कधी बनले आणि त्यातली दारू कशी पेटते, एवढेच पाहिले जाते.

केंद्रीय व्याख्या

या सवलतीचे मूळ १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा १९६३ मध्ये खून झाला तो टपालाने मागवलेल्या रायफलीने. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. घरबसल्या टपालाने बंदूक मागवण्याची वाट बंद करणे हा त्याचा एक मुख्य हेतू होता. त्याच कायद्याने ‘पुरातन शस्त्र’ नावाचा वर्ग वेगळा काढला, आणि त्या वर्गापुरती टपालाची वाट आजही उघडी आहे.

पुरातन शस्त्र म्हणजे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेले कोणतेही अग्निशस्त्र. त्याची नवी प्रतिकृतीही याच वर्गात येते, पण ती प्रचलित काडतुसांसाठी घडवलेली नसावी; ज्यांचे उत्पादन थांबले आहे आणि जी बाजारात सहज मिळत नाहीत अशा काडतुसांची असली तर चालते. १९९८ मध्ये व्याख्येला तिसरे कलम जोडले गेले : काळ्या दारूसाठी किंवा तिच्या पर्यायासाठी बनवलेली आणि तयार काडतूस घेऊच न शकणारी तोंडाने भरायची रायफल, शॉटगन किंवा पिस्तूल. हे कलम महत्त्वाचे ठरले, कारण तोवर बाजारात अशा बंदुका आल्या होत्या ज्या दिसायला अगदी आधुनिक होत्या. प्लास्टिकचा दस्ता, दुर्बीण, नळीच्या सरळ रेषेत मागे बसवलेली पेटवणी. पुराण्या कशाचीही त्या प्रतिकृती नव्हत्या, फक्त भरायच्या तोंडाने.

या वर्गातल्या शस्त्राला परवानाधारक विक्रेता लागत नाही, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जात नाही, केंद्रीय नोंदीचा फॉर्म भरावा लागत नाही. कुरियरवाला ते दारात आणून देतो. आज दुकानांत दिसणारी बरीचशी रिव्हॉल्व्हरे इटलीत, ब्रेशाजवळच्या ट्रोम्पिया खोऱ्यात बनतात. अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास, १९६० च्या आसपास, हौशी लोकांची मागणी वाढली तेव्हा उबेर्तीसारख्या इटालियन कारखान्यांनी कोल्टच्या जुन्या नमुन्यांच्या प्रती काढायला सुरुवात केली.

व्याख्येला एक कंगोरा आहे, आणि लोक फसतात ते तिथेच. ज्या बंदुकीच्या सांगाड्यावर नळी बदलून काडतुसाची बंदूक तयार करता येते, ती बंदूक ठासणीची नळी लावून विकली तरी अग्निशस्त्रच राहते. थॉम्पसन-सेंटर कंपनीची एन्कोअर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मॉसबर्ग ५०० या शॉटगनवर ठासणीची नळी चढवली तरी तेच. टोपीच्या रिव्हॉल्व्हरला काडतूस घेणारे वेगळे चक्रही मिळते. ते बसवले की पुरातनपणा संपला.

दारूचा कायदा

शस्त्र एका कायद्यात आणि त्यात भरायची दारू दुसऱ्या कायद्यात, अशी विभागणी आहे. (मराठीत दारू म्हटले की आधी दुसरेच काही आठवते, इथे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक हीच अभिप्रेत आहे.) काळी दारू स्फोटक आहे आणि स्फोटकांचा केंद्रीय कायदा तिला लागू होतो. तथापि पुरातन शस्त्रांत खेळासाठी, करमणुकीसाठी किंवा सांस्कृतिक कामासाठी वापरायची, कारखान्यात बनलेली दारू ५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २३ किलोपर्यंत, त्यातून वगळलेली आहे. विकणाऱ्याला मात्र स्फोटकांचा परवाना व साठवणीची कोठी लागते, म्हणून फार थोडी दुकाने ती ठेवतात. घरात किती ठेवायची हे स्थानिक अग्निसुरक्षा संहिता ठरवते. पुष्कळ ठिकाणी घरासाठी २० पौंडांची मर्यादा आहे आणि दारू मूळ डब्यातच ठेवावी लागते. ५० पौंड बाळगायला केंद्राची हरकत नसते, तरी गावचा अग्निशमन अधिकारी हरकत घेऊ शकतो.

पायरोडेक्ससारखे पर्याय १९७० च्या दशकात आले. ते स्फोटकांच्या कडक वर्गात न येता धूररहित दारूसारखे विकले जातात, म्हणून कुठल्याही शिकारी दुकानात सापडतात. पण ते पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीच्या ठिणगीने रंजक (बार पेटवण्यासाठी बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू) पेटले तरी नळीतला बार हमखास उडेल असे नाही. चकमकवाल्यांना म्हणूनच अस्सल काळी दारू हवी असते. लुइझियानातील मिंडेनचा, काळी दारू बनवणारा गोएक्स कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा या मंडळींत घबराट उडाली. पुढच्या वर्षी मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या एस्टीस कंपनीने तो घेतला. खेळण्यातल्या रॉकेटच्या मोटारीलाही हीच दारू लागते.

राज्याराज्यांतील फरक

बरीच राज्ये केंद्राचीच व्याख्या जवळपास जशीच्या तशी उचलतात. टेक्सासच्या दंडसंहितेत १८९९ पूर्वीचे शस्त्र आणि काडतूस न घेणारी त्याची प्रतिकृती अग्निशस्त्राच्या व्याख्येबाहेर आहे. फ्लोरिडाने वर्षाची रेषा आणखी पुढे, १९१८ पर्यंत, ओढली आहे. मात्र अशा शस्त्राने गुन्हा केला तर ते त्या क्षणी पुन्हा अग्निशस्त्र होते.

न्यूयॉर्कची व्याख्या वाचताना गंमत वाटते. तिथे तोंडाने भरायचे पिस्तूल पुरातन ठरते ते ‘न भरलेले’ असेल तरच. रिकामे असेतो परवाना नको. दारू, गोळी आणि टोपी चढली की तीच वस्तू परवान्यावाचून बाळगता न येणारे पिस्तूल होते. कायदा वस्तूची जात ठरवतो ती तिच्या पोटात काय आहे हे बघून. शस्त्र कपाटात ठेवणाऱ्या संग्राहकाला हे चालते, नेमबाजाला मुळीच नाही.

इलिनॉयमध्ये बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे राज्य पोलिसांचे ओळखपत्र लागते, आणि ठासणीची बंदूकही त्यातून सुटत नाही. न्यू जर्सी सर्वांत कडक राज्यांपैकी एक. ठासणीच्या रायफलीसाठी खरेदीदाराचे ओळखपत्र, पिस्तुलासाठी दर पिस्तुलामागे खरेदीचा परवाना. २०१४ मध्ये तिथे एका वृद्ध गृहस्थांची गाडी अडवली गेली आणि गाडीत अठराव्या शतकातले, न भरलेले चकमकीचे पिस्तूल आहे असे त्यांनी आपण होऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. ज्या गुन्ह्याचा आरोप ठेवला त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती. देशभर ओरड झाल्यावर २०१५ च्या फेब्रुवारीत सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले. बातमीत हसू येण्यासारखे पुष्कळ होते, पण कायद्याचे शब्द पोलिसांच्या बाजूचे होते, हेही खरे.

शिक्षा झालेल्या व्यक्तींचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला केंद्रीय कायदा अग्निशस्त्र बाळगू देत नाही. पण पुरातन शस्त्र हे अग्निशस्त्रच नसल्याने ही केंद्रीय बंदी त्याला लागत नाही. म्हणून ‘कैदेतून सुटलेल्यालाही ठासणीची बंदूक चालते’ हे वाक्य शिकारी वर्तुळांत सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. कॅलिफोर्नियात विक्रीच्या काही नियमांपुरती पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण दोषींवरील बंदीत ‘स्फोटाच्या जोरावर नळीतून काही फेकणारे साधन’ अशी रुंद व्याख्या लागू होते आणि चकमकीची बंदूकही तीत सापडते. एकाच संहितेत एका कलमाला एक व्याख्या, दुसऱ्याला दुसरी. शिवाय पॅरोल किंवा प्रोबेशनच्या अटी व्याख्येपेक्षा कडक असू शकतात.

सायलेन्सरचे प्रकरणही याच व्याख्येतून निघाले. एरवी सायलेन्सरला कडक केंद्रीय नोंदणी लागते. २०१७ मध्ये सायलेन्सरको कंपनीने ठासणीच्या रायफलीला तो कायमचा जोडून बाजारात आणला. रायफल अग्निशस्त्र नाही, तर तिचा आवाज दाबणारा भाग अग्निशस्त्राचा सायलेन्सर कसा, असा युक्तिवाद. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी येथे तो विकला जात नव्हता. तोफांबाबतही तेच तर्कशास्त्र : तोंडाने भरायची जुनी तोफ किंवा तिची प्रतिकृती अंगणात ठेवता येते, फुटणारा गोळा बाळगणे ही वेगळी गोष्ट.

शिकारीचे नियम

मालकीच्या कायद्यात जी बंदूक पुरातन आहे ती शिकारीच्या नियमांतही ‘आदिम’ ठरेलच असे नाही. पुष्कळ राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो आणि तो राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून ख्रिसमसनंतरच्या थंडीत केवळ चकमकीचा हंगाम चालतो. दुर्बीण नाही, टोपी नाही. बर्फात रंजक कोरडे ठेवण्याची कसरत हाच त्यातला खेळ. कोलोरॅडोत या हंगामात दुर्बीण चालत नाही आणि दारूच्या तयार वड्याही नाहीत, सुटी दारूच हवी. मिसिसिपीने ‘आदिम शस्त्र’ या शब्दाची पार वाट लावली आहे : बाहेरचा घोडा असलेली, मागून भरायची, एका काडतुसाची रायफलही तिथे त्या हंगामात चालते.

मराठी वाचकासाठी

अमेरिकेतील मराठी वस्ती न्यू जर्सीत दाट आहे, म्हणजे नेमकी अशा राज्यात जिथे केंद्राची सूट कामाला येत नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला केंद्रीय कायदा अग्निशस्त्र बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना असणे हा त्याला एक अपवाद. पुरातन शस्त्र या बंदीबाहेर असले तरी राज्याचा कायदा वेगळा पाळावा लागतोच.

भारतात अशी सूट नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारे कोणतेही शस्त्र अग्निशस्त्र आहे आणि ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतो. कालबाह्य वा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले शस्त्र वगळले आहे ते दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. ते कोणत्या वर्षी घडले याला महत्त्व नाही. आजोबांच्या वाड्यातली जुनी तोडेदार उडवण्याजोगी असेल, तर ती शंभर वर्षांची की तीनशे, याने फरक पडत नाही. परवाना देण्याच्या कलमात मात्र ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख पिकाच्या रक्षणासाठी म्हणून खास केलेला आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रानडुकरांपासून भात राखणाऱ्या शेतकऱ्यांकडे असतात ते हेच परवाने, आणि निवडणूक लागली की त्यांतल्या कित्येकांना आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.